मदत हवी आहे: १९ दिवस पीआर कुणी उघडलाच नाही, आठवण कशी करावी?

खाडीपूल (ऐरोली)
गिटहबवरच्या एका लायब्ररीत तारीख-पार्सिंगच्या बगची दुरुस्ती पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल घ्या अशी विनंती) करून पाठवली आहे. १९ दिवस झाले, मेंटेनरकडून (लायब्ररी सांभाळणाऱ्याकडून) चकार शब्द नाही. एक पॅच (ईमेलने पाठवायचा कोडबदल) लिनक्स कर्नलच्या मेलिंग लिस्टवर, तिथेही ९ दिवस शुकशुकाट. मागे लागल्यासारखं न दिसता कसं विचारावं?

चेकपोस्ट (कोपरी, ठाणे)
आधी पीआरच्या तळाशी बघा. वर्कफ्लो (आपोआप चालणाऱ्या टेस्ट) मंजुरीसाठी थांबलाय असं लिहिलंय का? नवख्याच्या टेस्ट बहुतेक प्रोजेक्टांत मेंटेनरने होकार दिल्याशिवाय चालतच नाहीत. टेस्ट हिरव्या नाहीत म्हणून रिव्ह्यूअर फिरकत नाही, तो फिरकत नाही म्हणून टेस्ट अडलेल्या. पीआर ड्राफ्टमध्ये राहिला असेल तर कोड-ओनर्सना (त्या भागाची जबाबदारी असलेल्यांना) रिव्ह्यूची विनंतीच जात नाही. मेनशी (मुख्य शाखेशी) कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकमेकांत न बसणारे बदल, आलाय का तेही पाहा.

हे निस्तरलं की मग लिहा. नुसतं 'एनी अपडेट?' नको, त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. मजकूर साधारण असा, अर्थात इंग्रजीत (रीबेस म्हणजे आपला बदल मेनच्या ताज्या कोडवर पुन्हा बसवणं):

'मेनवर रीबेस केलं आहे, लोकल टेस्ट पास. बदल २ फाइलींत, ४० ओळी, पैकी २५ टेस्टच्या. वर्कफ्लो चालवायला मंजुरी द्याल का?'

टॅग एकालाच करा. त्या फोल्डरमधले अलीकडचे पीआर कुणी मर्ज केले (मुख्य कोडमध्ये घेतले) ते बघून नाव ठरवा. पाच जणांना टॅग केलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. आणि कुणाच्या लिंक्डइनवर जाऊन विचारू नका, प्लीज.

मेलबॉक्स (वाशी)
कर्नलचं: त्यांचे नियम किमान १ आठवडा थांबायला सांगतात, उत्तराला २-३ आठवडेही लागतात. मर्ज विंडो चालू असेल (नवी आवृत्ती आल्यानंतरचे २ आठवडे) तर आरसी१ (पुढच्या आवृत्तीची पहिली चाचणी-प्रत) निघेपर्यंत गप्प बसा.

पण मुळात पॅच लिस्टच्या आर्काइव्हमध्ये दिसतोय का? एचटीएमएल मेल लिस्ट घेतच नाही. जीमेलच्या वेबवरून साधा मजकूर पाठवला तरी टॅबचे स्पेस होतात आणि पॅच लागत नाही. 'गिट सेंड-ईमेल'च वापरा, आणि कुणाला पाठवायचा ते 'गेट मेंटेनर' स्क्रिप्टला विचारा. पॅच जसाच्या तसा पुन्हा धाडताना विषयात 'रीसेंड' लिहा. एक ओळ जरी बदलली तरी तो 'व्ही२' (दुसरी आवृत्ती), आणि पॅचमधल्या तीन डॅशच्या ओळीखाली काय बदललं ते लिहा.

खाडीपूल
मंजुरीची पट्टी आहे, कॉन्फ्लिक्टही आहे! रीबेस करून फोर्स-पुश केला (आधी पाठवलेल्याच्या जागी नवं चढवलं) तर चालेल?

चेकपोस्ट
रिव्ह्यू सुरूच झालेला नाही, खुशाल करा. कमेंट आल्यावर मात्र नव्या कमिट जोडा, नाहीतर आधी वाचलेलं त्यांना पुन्हा वाचावं लागतं.

पुढची आठवण दोन आठवड्यांनी. एलएलव्हीएमसारख्या (कंपायलरच्या) प्रोजेक्टात आठवड्याला एक पिंग (आठवण) रीतसर मानतात, तेव्हा प्रोजेक्टची कॉन्ट्रिब्यूटिंग फाइल (बदल पाठवण्याचे नियम) आधी वाचा.