स्टारडस्ट अडीच लाख, उमेदवार पाच. कुणावर घालू?

अंडीफोड:
पोकेमॉन गो खेळणाऱ्यांनो, जरा मदत करा. साठवत साठवत स्टारडस्ट (पोकेमॉनची ताकद वाढवायला लागते ती) अडीच लाखांवर गेलीये आणि हात शिवशिवतायत. रांगेत स्लेकिंग (मेटाग्रॉस सोडला तर सीपी, म्हणजे लढाऊ ताकदीचा आकडा, सगळ्यांत जास्त याचाच), मॅचॅम्प 13/14/11 (हे आयव्ही, म्हणजे अटॅक, डिफेन्स, स्टॅमिनाचे 15 पैकी जन्मजात गुण), शाडो (टीम रॉकेटकडून सोडवलेला) मॅमोस्वाइन ज्याचा अटॅक आयव्ही फक्त 3 आहे, एक लकी गारचॉम्प आणि हंडो (तिन्ही आयव्ही 15) मेटाग्रॉस. मेटाग्रॉस आधीच लेव्हल 40 ला आहे, बाकीचे 20 च्या आसपास. मेटाग्रॉसला थेट 50 ला न्यावं असं मन म्हणतंय. आणि मॅमोस्वाइनला प्युरिफाय करून शाडोचा साधा करू का? मी मुख्यतः रेड (मोठ्या बॉसशी लढाई) खेळतो, लीगमध्ये (खेळाडूंच्या आपसातल्या लढतींत) अधूनमधून डोकावतो.

तीनतारा:
हंडो आहे आणि विचार कसला करतोस? मेटाग्रॉस! बाकीचे प्रोफेसरकडे रवाना कर.

डस्टकंजूस:
कुणालाही रवाना करू नकोस, आणि त्या 50 च्या नादाला तर अजिबात लागू नकोस.

हिशेब बघ. पॉवर अपला लागणारी डस्ट पोकेमॉन कोण आहे यावर ठरत नाही, लेव्हलवर ठरते. 20 वरून 30 ला न्यायला 75,000 लागतात आणि अटॅक, डिफेन्स, स्टॅमिना तिन्ही साधारण 22 टक्क्यांनी वाढतात. 30 ते 40 ला 1,50,000, वाढ 8 टक्के. 40 ते 50 ला 2,50,000 आणि वर 296 एक्सएल कँडी (वरच्या लेव्हलना लागणारी खास कँडी), वाढ जेमतेम 6 टक्के. म्हणजे तुझी अख्खी तिजोरी 6 टक्क्यांसाठी रिकामी. वरच्या पायऱ्या ज्यांच्याकडे डस्ट उतू जातेय त्यांच्यासाठी.

आता तुझी मंडळी. गारचॉम्प लकी आहे, त्याला निम्मीच डस्ट लागते. 30 पर्यंत 37,500. मॅचॅम्पला 75,000. शाडोला 20 टक्के जास्त, म्हणून मॅमोस्वाइनला 90,000. बेरीज 2,02,500. एका मेटाग्रॉसच्या शेवटच्या दहा लेव्हलपेक्षा कमी पैशात रेडसाठी तीन गडी तयार, तेही वेगवेगळ्या टाइपचे.

मॅचॅम्पच्या 13 वर नाक मुरडू नकोस. त्याचा मूळ अटॅक 234 आहे, त्यात 13 मिळवले काय आणि 15 मिळवले काय, फरक एक टक्काही नाही. लोक आयव्हीला पत्रिकेतल्या गुणांसारखं जुळवत बसतात आणि मारायचे अटॅक कुठले आहेत ते बघतच नाहीत! काउंटर आणि डायनॅमिक पंच आहेत ना, मग बास.

मॅमोस्वाइनला प्युरिफाय मुळीच नको. मूळ अटॅक 247, अधिक तुझे 3, त्यावर शाडोचे 20 टक्के, झाले 300. साधा हंडो मॅमोस्वाइन 262 वर थांबतो. शाडो मार जास्त खातो हे खरं, पण रेडमध्ये वेळ संपायच्या आत बॉस पाडणं महत्त्वाचं. फक्त पावडर स्नो आणि अ‍ॅव्हलांच आहेत का ते तपास. चार्ज्ड अटॅक (ऊर्जा साठवून मारायचा) अजून फ्रस्ट्रेशनच (शाडोला सुरुवातीला चिकटलेला कुचकामी अटॅक) असेल तर टीम रॉकेटच्या इव्हेंटपर्यंत थांब. एरवी टीएमने (अटॅक बदलायच्या वस्तूने) तो जात नाही.

स्लेकिंगबद्दल काय बोलायचं. सीपीचा डोंगर, आणि फास्ट अटॅक जांभई. नुकसान जवळपास शून्य. जिममध्ये राखणीला बसव हवं तर.

मेटाग्रॉसकडे मिटिऑर मॅश (त्याचा खरा कामाचा अटॅक) आहे का, ते तू सांगितलंच नाहीस.

अंडीफोड:
दादा, मिटिऑर मॅश नाहीये. फ्लॅश कॅनन आहे.

डस्टकंजूस:
मग डस्टचा प्रश्नच मिटला. एलिट टीएम (हवा तो अटॅक निवडू देणारा) हाताशी असेल तर त्याच्यावर वापर, नसेल तर राहू दे तसाच. 40 ला आहे, कुठे पळून जात नाही.

तीनतारा:
म्हणजे हंडोला काहीच किंमत नाही? मास्टर लीग विसरलात वाटतं.

डस्टकंजूस:
मास्टर लीगमध्ये आहे, तिथे सीपीला मर्यादाच नाही. पण हा रेडवाला माणूस आहे.

अंडीफोड:
अजून एक. ग्रेट लीगसाठी (सीपी मर्यादा 1500) मित्राने 2/15/14 अ‍ॅझुमॅरिल दिलाय. अटॅक इतका कमी, त्याच्यावर खर्च करावा का?

डस्टकंजूस:
अटॅक कमी आहे हीच त्याची जमेची बाजू. सीपीच्या सूत्रात अटॅकचं वजन सगळ्यांत जास्त. तो कमी असला की 1500 च्या आत जास्त डिफेन्स आणि स्टॅमिना बसतात. अडचण वेगळीच आहे: हा पठ्ठ्या लेव्हल 40 ओलांडल्याशिवाय 1500 च्या जवळ जात नाही, म्हणजे परत एक्सएल कँडी आणि डस्टचा धूर. अधूनमधूनच डोकावत असशील तर स्वॅम्पर्ट घे. लेव्हल 20 च्या आतच तो 1500 ला टेकतो आणि दुसरा चार्ज्ड अटॅक 10,000 डस्ट आणि 25 कँडीत उघडतो. हायड्रो कॅनन अटॅक असलेलाच निवड. वर उरलेल्या 47,500 मध्ये आरामात बसेल.