पाकटाच्या काट्यावर गरम पाणी: विष मरतं की मज्जासंस्था वेदना दाबते?

मांडवीकाठ
रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना पाकटाचा किंवा सांगटाचा, म्हणजे विषारी काटा असलेल्या माशाचा, काटा लागला, तर पाय गरम पाण्यात घाला, हे गोव्यात बेतूलपासून मोरजीपर्यंत कुणीही सांगेल. उपाय बरोबरच आहे. पण कारण एकच ऐकू येतं, 'उष्णतेने विष मरतं'. हे कारण मला पटत नाही.

पाकटाचा काटा दातेरी असतो. तो मांसात घुसला की वरचं आवरण फाटतं आणि विष आत खोलवर सुटतं. पाय ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात ठेवला तर कातडी तापते, पण आत शिरणारी उष्णता रक्त सतत वाहून नेतं. विष जिथे आहे तिथे ४५ अंश होतच नाहीत.

मग आराम कशाने पडतो? वेदनातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाची वाहिनी, म्हणजे उघडझाप करणारं सूक्ष्म दार, असते. मिरचीतल्या कॅप्सायसिनचा माग काढत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ती १९९७ मध्ये ओळखली. २०२१ च्या नोबेलमागे हेच काम होतं. ती साधारण ४३ अंशांना उघडते, म्हणजे ४५ अंशांचं पाणी स्वतःच वेदनातंतू चेतवतं. आणि एक जोरदार वेदना दुसरीला दाबते. १९७९ मध्ये ल बार, डिकन्सन आणि बेसाँ यांनी उंदरांच्या मज्जारज्जूत हे मोजून दाखवलं. मज्जारज्जू वरून तोडला की परिणाम नाहीसा होतो, म्हणजे दाबण्याचा हुकूम मेंदूच्या तळातून येतो.

फोंडा_विषशास्त्र
बाब, तुमचा सिद्धांत एका जागी अडतो. 'एक वेदना दुसरीला दाबते' हे माणसांवर तपासताना संशोधक बहुतेक वेळा हात बर्फाळ पाण्यात घालायला लावतात. असं असेल तर दंशावर बर्फही तेवढाच चालायला हवा. ऑस्ट्रेलियात ब्लूबॉटल या जेलीफिशसारख्या समुद्री जिवाच्या दंशावर चाचणी झाली, २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला ४५ अंशांचं पाणी, दुसऱ्याला बर्फाची पिशवी. २० मिनिटांनी गरम पाण्याच्या गटात ८७ टक्के लोकांची वेदना कमी झाली, बर्फाच्या गटात ३३ टक्के. शिवाय चिरोनेक्स या पेटीसारख्या जेलीफिशचं विष ४३ अंशांच्या वर पुरेसा वेळ ठेवलं तर त्याची मारकता जाते, हे २००२ मध्ये दाखवलं गेलंय.

दुसरी गोष्ट, ल बार यांच्या प्रयोगात दाबणारी वेदना शरीराच्या दुसऱ्या भागावर द्यावी लागत होती. इथे पाणी आणि जखम एकाच पायावर आहेत.

मांडवीकाठ
दुसरा मुद्दा वजनदार आहे, त्याला पुढे उत्तर देतो. पहिला मात्र पाकटाला लागू होत नाही. ब्लूबॉटल आणि चिरोनेक्स यांच्या दंशपेशी विष कातडीच्या अगदी वरच्या थरात सोडतात. तिथपर्यंत उष्णता सहज जाते. तिथे विष निकामी होत असेल, हे मी मान्य करतो. पाकटाचं विष स्नायूत असतं. एका दंशाचा निकाल दुसऱ्यावर चिकटवू नका. शिवाय गुंडाळलेली बर्फाची पिशवी म्हणजे बर्फाळ पाण्यात बुडवलेला हात नव्हे. ती बधिर करते, तेवढी बोचत नाही.

किनारा_प्रथमोपचार
कारणाचा वाद फक्त पुस्तकी नाही. 'विष मारायचंय' असं डोक्यात बसलं की माणूस पाणी जास्त तापवतो. कातडी भाजण्याचा हिशेब १९४७ पासून ठाऊक आहे: ४४ अंशांना सुमारे ६ तास, ४९ ला १० मिनिटांच्या आत, ६० ला ५ सेकंद. चुलीवरून उतरवलेलं पाणी कुठे बसतं, बघा.

थर्मामीटरने ४५ मोजा. थर्मामीटर नसेल तर बरा पाय आधी बुडवून बघा. दुखणाऱ्या पायाच्या अंदाजावर विसंबू नका. ३० ते ९० मिनिटं ठेवा. बादली निवली की पाय बाहेर काढून मगच गरम पाणी ओता, ढवळा, पुन्हा मोजा. मधुमेहाने पाय बधिर असतील, किंवा इस्पितळात भूल देणारं इंजेक्शन दिलं असेल, तर भाजलेलं कळतच नाही. काटा छातीत, पोटात किंवा मानेत असेल तर उपसू नका, तसाच इस्पितळात न्या. पायातली जखमही दाखवाच. काट्याचा तुकडा आत राहिलाय का हे एक्स-रेमध्ये बघतात, धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं.

फोंडा_विषशास्त्र
हे सगळं मान्य. पण उलट बाजूही पाहा. 'वेदना नुसती दबते' असं सांगितलं तर लोक १० मिनिटांत बरं वाटलं म्हणून पाय काढतील. लवकर काढला तर वेदना परत उसळते.

मांडवीकाठ
ती उसळते, हा माझ्याच बाजूचा पुरावा आहे. विष निकामी झालं असतं तर परत कशाला उसळली असती?

फोंडा_विषशास्त्र
अर्धवट निकामी झालं असेल तरी उसळेल. थोडा वेळ तापवलं तर थोडंच जाणार. यावरून काहीच ठरत नाही.

मांडवीकाठ
मग ठरवण्याची पद्धत सांगतो, यातच तुमच्या 'दुसऱ्या भागा'चं उत्तर आहे. पाकट लागलेल्या माणसाचा विरुद्ध हात १० मिनिटं ४५ अंशांच्या पाण्यात, जखमी पाय कोमट ३५ अंशांत. ० ते १० च्या पट्टीवर दर २ मिनिटांनी वेदना नोंदवायची. मग नेहमीचा उपचार: पाय ४५ मध्ये. हातानेच वेदना उतरली तर विष मरण्याचा प्रश्नच येत नाही. नाही उतरली तर माझा सिद्धांत मागे घेईन.

फोंडा_विषशास्त्र
रचना चांगली आहे, पण दोन खाचा आहेत. सुरुवातीच्या तासा-दीड तासात पाकटाची वेदना आपणहून चढत असते. त्यामुळे निम्म्यांचा हात ३५ अंशांतच ठेवावा लागेल, नाहीतर हाताचा परिणाम चढत्या वेदनेत बुडेल. आणि ज्याला असह्य होतंय त्याचा पाय १० मिनिटं मुद्दाम कोमट पाण्यात ठेवायला कुठलीही नैतिकता समिती सहज हो म्हणणार नाही. ५ मिनिटांवर आणा, आणि 'थांबवा' म्हणताच पाय ४५ मध्ये, हे आधीच लिहून ठेवा. एवढं असेल तर मी पाठिंबा देतो.

किनारा_प्रथमोपचार
दोन बादल्या, दोन थर्मामीटर आणि एक थर्मास एवढ्यात हे होईल. पाऊसकाळी मासेमारी बंद असते, तेव्हा १ ऑगस्टनंतरच माणसं मिळतील.