52 मधून 27: ठोकळे मांडूनही पोरं 35 सांगतात

शिकवणीताई, अक्कलकोट रोड
दुसरी-तिसरीची शिकवणी घेते. पोरं विडी आणि यंत्रमाग कामगारांची, निम्म्यांच्या घरी तेलुगू. ठोकळ्यांचा डबा आणलाय: सुटे, दहाचे दांडे, शंभराच्या पाट्या. बेरीज झकास चालते. वजाबाकीला दोन्ही संख्या मांडतात, वरच्या दोनातून सात जाईनात म्हणून सातातून दोन काढतात. सगळे 35 लिहिलालेत की ओ! शिवाय सत्तेचाळीस म्हटलं की सात दांडे, चार सुटे.

जुन्या बाई
ताई, 27 मांडूच नका. पुढे फक्त 52 ठेवा आणि तुम्ही गिऱ्हाईक व्हा: मला 27 दे. आधी सात सुटे मागा, कारण वहीत एककापासून सुरुवात असते. त्याच्याकडे दोनच. आता गप्प बसा. नेमकं इथंच आपण बोलून टाकतो आणि सगळी मजा जाते. कुणीतरी म्हणतंच, "सुटे द्या की!" एका पोरीला बँक करा. दांडा तिच्याकडे, दहा सुटे ह्याच्याकडे, मोजून. नोट मोडल्यागत. चार दांडे, बारा सुटे झाले की तिथल्या तिथं वहीत 5 खोडून 4, आणि 2 च्या जागी 12. गणित संपल्यावर लिहायला लावलंत तर ठोकळे एकीकडे, वही एकीकडे.

सत्तेचाळीसचं म्हणाल तर तेलुगूत चाळीस आधी येतात, जसं लिहितो तसं. आपल्यात सात आधी. त्या पोरांना आधी "नलभै एडु" म्हणत दांडे ठेवू द्या, मग सत्तेचाळीस. 2019 ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला ती पद्धत पायरी म्हणून पटते, मुक्कामाला नाही.

रंधा
आमचं लाकूडकाम. कुणी घरी ठोकळे करणार असेल तर दहा सेंटिमीटरचा दांडा चिरून त्यातूनच दहा सुटे काढू नका. करवत दर कापाला थोडं लाकूड खाते. मग दहा सुटे दांड्याला लावले की तोकडे पडतात, आणि पोरगं म्हणतं बँक फसवलाली. आधी सुटे कापा, दहा ओळीनं लावा, त्या मापाचा दांडा काढा.

शिकवणीताई, अक्कलकोट रोड
बाई, जमलं! बँकवालीनं नऊच सुटे दिले, समोरच्यानं मोजून पकडलं, मग रडारड. पण तिघांचं 25 आलं. आता 403 मधून 158 ला काय? तिथं दांडाच नाही.

जुन्या बाई
पाटी देऊन दहा दांडे, त्यातला एक देऊन दहा सुटे. दोनदा बँकेत जायचं. वहीतल्या शून्यावर 9 कुठून आला ते तेव्हाच दिसतं. पण एवढ्यात नको, दिवाळीनंतर बघा. आणि बँकवाली रोज बदला.