अठरा मिनिटांच्या मंचावर गाण्याची जागा कोणती?

षड्ज (मूळ लेखन)
टेड या छोट्या भाषणांच्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या धर्तीवरील प्रेरणादायी कार्यक्रम आता आपल्याकडील महाविद्यालयांतही होतात आणि त्यांचा साचा ठरलेला असतो: अठरा मिनिटांच्या मर्यादेतील भाषणे आणि दर दोन-तीन भाषणांनंतर पाच-सहा मिनिटांचे गायन किंवा वादन. गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमात एका तरुण सतारवादकाला, आलाप (रागाची संथ, तालाविना मांडणी) नुकताच उलगडू लागलेला असताना, समोरच्या पडद्यावरील उरलेला वेळ दाखवणारे लाल आकडे पाहून थेट द्रुत गत (जलद लयीतील रचना) घ्यावी लागली आणि ती संपण्याआधीच निवेदिकेने पुढील वक्त्याचा परिचय सुरू केला. वक्त्याने विचार द्यावा आणि वादकाने श्रोत्यांचा शीण घालवावा, अशी ही वाटणी आहे. संगीत केवळ विरंगुळा म्हणून हवे असेल, तर कलाकाराला बोलावूच नये, असे माझे मत आहे.

खर्डेघाशा
असहमत. निवेदिकेचा उतावीळपणा मान्य, पण वेळेच्या मर्यादेला दोष देणे पटत नाही. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या ग्रामोफोन तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असे आणि अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग उभा केला. नासाच्या व्हॉयेजर यानांवरून १९७७ साली पृथ्वीची ओळख म्हणून जे संगीत अवकाशात गेले, त्यात गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि तीही साधारण साडेतीन मिनिटांचीच आहे. पाच मिनिटांत काही सांगता येत नसेल, तर दोष घड्याळाचा कसा?

षड्ज
तबकडीत किती आणि काय गायचे, याची आखणी गवई आधी करून येत असे. ती मैफलीला पर्यायही नव्हती आणि पुन्हा पुन्हा लावून ऐकता येत होती. इथे वादकाला वेळ शेवटच्या क्षणी, तीही आधीच्या वक्त्याने लांबवलेले भाषण वजा करून मिळते.

बुक्का
आपण दोघेही भाषण आणि गाणे वेगळे धरून भांडत आहात. नारदीय कीर्तनात पूर्वरंगातील निरूपण असो की उत्तररंगातील आख्यान, अभंग, साकी, दिंडी अशी गेय पद्ये विषय पुढे नेण्यासाठीच येतात आणि बुवा बोलता बोलता गाऊ लागतात. टेडच्याच मंचावर २००३ साली स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी यांनी जे केले, ते मला या घडणीच्या जवळचे वाटते. लहानपणीच बहुतांश श्रवणशक्ती गमावलेल्या या तालवाद्यवादक. त्यांनी एकच रचना आधी कागदावर लिहिली आहे तशी आणि मग तिचा अर्थ लावून वाजवून दाखवली. ऐकणे हे कानापुरते नसून सर्वांगाने होते, हा त्यांचा मुद्दा वाद्यावाचून पटलाच नसता.

पडद्यामागचा
ग्लेनी बोलूही शकतात, पण प्रत्येक कलाकाराने स्वतःच्या कलेवर भाष्य करावे, हा आग्रह मला जाचक वाटतो. उत्तम वाजवणारा अनेकदा बोलताना अडखळतो आणि त्यात त्याचे काही उणे नाही. मी असे दोन कार्यक्रम आयोजित केले आहेत. वक्त्याला कॉलर माइक लावला की काम भागते; तबला आणि तानपुरा सुरात लावून ध्वनीची पातळी ठरवेपर्यंत सहज दहा मिनिटे जातात आणि ती कलाकाराच्याच वाट्यातून कापली जातात, हे खरे आहे. शिवाय टेडएक्सच्या (टेडच्या परवान्याने होणाऱ्या स्थानिक कार्यक्रमांच्या) नियमानुसार वक्त्यांना मानधन देता येत नाही, म्हणून आम्ही तोच न्याय तबलजींनाही लावला, याची आता लाज वाटते. वक्त्याला त्या चित्रफितीतून पुढची निमंत्रणे मिळतात, साथीदाराचे नाव मात्र बहुधा श्रेयनामावलीतही नसते. माझ्या मते, गाणे मधे न ठेवता अखेरीस ठेवावे, म्हणजे वाद्ये चहाच्या सुट्टीत निवांत लावता येतील.

खर्डेघाशा
अखेरीस ठेवल्यास निम्मे सभागृह वाहनतळाकडे निघालेले असेल.

षड्ज
निघू दे. उरलेल्या निम्म्यांसाठी चाळीस मिनिटे द्या, समोरचे लाल आकडे बंद करा आणि साथीदारांचे मानधन भोजनाच्या खर्चातून काढा. एवढे मान्य होत असेल, तर ‘बोलावूच नये’ हे माझे विधान मी मागे घेतो.