विषय: आंबा-ऑर्डरचं नाव बदलायचंय, जुनी डिलीट होत नाही

नंदू, देवगड:
मंडळी, 'आंबा-ऑर्डर' एपीआयचं (ॲप ऑर्डर पाठवतं त्या जोडणीचं) नाव 'हापूस-ऑर्डर' करायचं ठरलं होतं ना? नोंदीच्या वायएएमएल फाइलमध्ये मेटाडेटाखालचं नेम बदलून रजिस्ट्री (एपीआयच्या नोंदी ठेवणारं साधन) अप्लाय मारलं, म्हणजे नोंद चढवली, तर आयडी अमान्य. जुनी उडवून नव्याने चढवू म्हटलं, तर डिलीटही नाही म्हणतंय, आत व्हर्जन आहेत म्हणून. फोर्स, म्हणजे जबरदस्तीने डिलीट, लावू का? दुबईकरांना संध्याकाळपर्यंत लिंक हवीय.

मेधा, बहारीन:
नंदू, फोर्सला हात लावू नकोस! एपीआयसोबत तिची सगळी व्हर्जन, स्पेक (एपीआयच्या वर्णनाची फाइल), रिव्हिजन (स्पेकच्या सुधारित प्रती) आणि डिप्लॉयमेंटच्या (एपीआय कुठे चालते त्याच्या) नोंदी जातील.

मेटाडेटाखालचं नेम हा आयडी, दाखवायचं नाव नव्हे. त्यात इंग्रजी लहान अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ वापर. तू तिथे देवनागरीत 'हापूस' लिहिलंस. ते डेटाखालच्या डिस्प्लेनेममध्ये टाक. आयडी जुनाच ठेवून अप्लाय केलंस की आहे तीच नोंद सुधारते. आणि आयडी नीट इंग्रजीत बदलला असतास तरी नाव बदललं नसतंच, शेजारी दुसरी एपीआय उभी राहिली असती.

सुरेश, मालवण:
नावाचं राहू दे. स्पेकच्या तीन रिव्हिजन कोणी वाढवल्या? मजकुरात एका अक्षराचा फरक पडला तरी नवी रिव्हिजन होते. देवगडची फाइल विंडोजवर सेव्ह होते, ओळीच्या शेवटी सीआरएलएफ ही न दिसणारी दोन चिन्हं घुसतात. माझ्या लिनक्सवर एलएफ हे एकच. डोळ्यांना दोन्ही सारखंच, हॅश (मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) मात्र वेगळा. आळीपाळीने अप्लाय केलं की रिव्हिजनची रांग लागणारच. व्हीएस कोड एडिटरमध्ये खाली उजवीकडे सीआरएलएफ दिसतं, त्यावर टिचकी मारून एलएफ करा. स्पेकची मूळ फाइल मीच सांभाळतो, तिथे परस्पर बदल नकोत.

शिल्पा, अलिबाग:
परस्पर नको तर इथेच विचारते. जिल्ह्यांच्या इनममध्ये (चालणाऱ्या नावांच्या यादीत) रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोनच का? हापूसचं २०१८ सालचं भौगोलिक मानांकन पाच जिल्ह्यांना आहे: रायगड, ठाणे, पालघरही. आमच्याकडचा बागायतदार फॉर्म भरतो आणि ४०० (विनंती चुकीची) ही एरर खाऊन परत येतो.

नंदू, देवगड:
मानांकन असू दे ताई, गिऱ्हाईक पेटीवर देवगडच शोधतं.

शिल्पा, अलिबाग:
मग पेटीवर लिहा की देवगड. फॉर्म का अडवता?

सुरेश, मालवण:
भांडू नका. विनंतीतल्या इनममध्ये तीन नावं वाढवली तर जुन्या ॲपचं काही बिघडत नाही. उत्तरात तोच इनम परत जातो, गोची तिथे आहे: जुन्या ॲपला 'रायगड' माहीत नाही, ऑर्डरची यादी उघडताना कोलमडेल. म्हणून विनंतीचा आणि उत्तराचा स्कीमा (माहितीचा साचा) वेगळा करतो, उत्तरात जिल्हा साधी स्ट्रिंग (कुठलाही मजकूर). तीही मोडतोडच, पण ॲपमध्ये एका ओळीचा बदल. नवी व्हर्जन २ काढतो, व्हर्जन १ तशीच चालू राहील.

नंदू, देवगड:
डिस्प्लेनेम बसलं, एलएफही केलं. आता अनऑथेंटिकेटेड (ओळख पटली नाही) येतंय. सकाळी तर चालत होतं.

मेधा, बहारीन:
टोकन (तात्पुरता प्रवेश-परवाना) तासाभराने मरतं. दर वेळी चिकटवत बसू नकोस. रजिस्ट्री कॉन्फिग सेटने टोकन-सोर्समध्ये जीक्लाउडची (गूगल क्लाउडच्या साधनाची) प्रिंट-ॲक्सेस-टोकन कमांड दे, अवतरणचिन्हांत. ती दर वेळी ताजं टोकन आणते. आणि अप्लायआधी एक्स्पोर्ट करून प्रत इथे टाक.