एमबीए आधी की शेडमधली पाळी आधी?

ताणाबाणा:
टेक्स्टाइलची पदवी झाली की लगेच एमबीए, हा सल्ला चुकीचा आहे. आधी इचलकरंजीत एअरजेटच्या (हवेच्या झोताने आडवा धागा टाकणाऱ्या मागांच्या) शेडमध्ये दोन वर्षं पाळी सांभाळावी. हिशोब बघा: माग 600 आरपीएम, म्हणजे मिनिटाला 600 पिकं (आडवे धागे), कापडात इंचाला 60 पिकं. मिनिटाला 10 इंच, 24 तासांत साधारण 366 मीटर. कार्यक्षमता 90 टक्के असेल तर 329, 80 असेल तर 293. 24 मागांवर रोज पावणेनऊशे मीटरचा फरक! ऑफिसात फक्त आकडा दिसतो. ताणा (उभे धागे) सायझिंगचा पिकअप (धाग्यावर चढलेली खळ) कमी पडल्याने तुटतोय, सूत जास्त सुकवल्याने, की शेडमधली आर्द्रता उतरल्याने, ते मागाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

कोरेकापड:
हिशोब बरोबर, निष्कर्ष नाही. 90 टक्क्यांना तुमचे 24 माग रोज जवळपास 7,900 मीटर काढणार. उधारी 60 दिवसांची असेल तर पावणेपाच लाख मीटरचे पैसे बाजारात अडकले, आणि सुताचे तर आधीच मोजलेत. माग जितके जोरात, तितकी ही रक्कम मोठी. लघुउद्योगाचं बिल लेखी करार असेल तर 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत चुकवायचं असतं, हे कोणता जॉबर (माग लावणारा-दुरुस्त करणारा कारागीर) शिकवणार?

वहिफणी:
दोघंही एअरजेटचंच बोलताय. साध्या मागांच्या खर्चीवाल्याकडे (दुसऱ्याचं सूत मजुरीने विणून देणाऱ्याकडे) 52 पिकांवर ठरलेल्या मजुरीवर काम चालतं. तिथे जॉबर असतो, दिवाणजी असतो. मॅनेजरची जागाच नसते. पदवीधराने शटललेस (धोट्याविना चालणारे माग), सूतगिरणी नाहीतर प्रोसेस हाऊस (कापड धुण्या-रंगवण्याचा कारखाना) बघावं.

ताणाबाणा:
@वहिफणी, मान्य.
@कोरेकापड, उधारीचं सोडा, माल परत आला तर? माग थांबून राहिला की ताणा सैलावतो, विणत आलेल्या कापडाची कड (शेवटचा आडवा धागा बसतो ती) सरकते, सुरू करताना आडवा पट्टा, म्हणजे स्टार्टिंग मार्क, पडतो. मार्क पूर्ण पन्ह्याचा (कापडाच्या रुंदीचा), म्हणजे फोर-पॉइंट तपासणीत (प्रत्येक दोषाला 1 ते 4 गुण) दोषाचे 4 गुण. 63 इंच पन्ह्याला 100 चौरस यार्ड म्हणजे जेमतेम 52 मीटर. तेवढ्यात असे 10 मार्क पडले की 40 गुण भरले, आणि बऱ्याच निर्यातदारांची मर्यादा तीच.

कोरेकापड:
मग ऑर्डर घेतानाच 40 गुणांची अट लिहून घ्यायची, दुय्यम मालाचा दरही तेव्हाच ठरवायचा. मेंडिंगच्या (कापडातले दोष काढायच्या) टेबलावर वाद घालून काय मिळतं? पाळी करावी, पण सहा महिने. दोन वर्षं रात्रपाळीत घालवलेल्याला सुताचा सौदा कुणी करू देत नाही.

ताणाबाणा:
सहा महिन्यांत उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही धड बघून होत नाहीत. आर्द्रतेचा खेळ तिथेच आहे.