मदत हवी आहे : जुन्या अरबीसाठी शब्दकोश कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, धंतोलीत राहतो. मराठीतले महसुली शब्द कुठून आले हे शोधता शोधता वर्षभरापासून अरबी शिकतोय. महसूल, तहसील, हशील हे तिन्ही ह-स-ल या एकाच धातूचे (म्हणजे मूळ तीन अक्षरांचे) निघाले तेव्हा फार आनंद झाला! 'वसूल' मात्र त्या घरचा नाही, तो व-स-ल चा. अशी नाती धातूवार रचलेल्या कोशातच नीट दिसतात.

सध्या हान्स वेर यांचा अरबी-इंग्रजी कोश वापरतो. कोश उत्तम, पण आधुनिक लिखित अरबीचा. जुनं काव्य वाचताना अडतं. जुन्या अरबीसाठी एडवर्ड लेन यांचा अरबी-इंग्रजी कोश (१८६३ ते १८९३, आठ खंड) जालावर चाळला. एकेका शब्दाची छटा न् छटा दिलीय, पण 'क़ाफ' या अक्षरापासून पुढे फार त्रोटक, कारण लेन १८७६ मध्ये वारले. 'लिसान अल्-अरब' या जुन्या अरबी कोशामध्ये धातूच्या शेवटच्या अक्षरावरून शोधायचं, म्हणजे ह-स-ल साठी 'लाम'चं प्रकरण उघडायचं. अर्थही अरबीतच. माझी अजून तेवढी तयारी नाही.

तर 'क़ाफ'नंतरच्या अक्षरांसाठी तुम्ही काय वापरता? उर्दू वाचता येतं, त्यामुळे अरबी-उर्दू कोशही चालेल. मोमिनपुऱ्यात किंवा सीताबर्डीला जुना संच कुठे मिळेल? कुणाकडे लेनचे छापील खंड असतील तर घरी येऊन, तिथेच बसून टिपणं काढीन.